भेंडीचा केवडा: वाणाच्या आधी तारीख बघा

प्रश्न थोडक्यात असा. फेब्रुवारीत टोकलेली भेंडी उत्तम निघाली. त्याच पाकिटातलं उरलेलं बी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लावलं, तर चाळिसाव्या दिवशी निम्म्याहून जास्त झाडं पिवळी. पाकिटावर ‘केवडा रोगास प्रतिकारक’ असं छापलेलं. मग बियाणं खोटं होतं का? आणि ऑक्टोबरात लावलेल्या तुकड्यावर पिवळेपणा नव्हता, पण भेंड्या आखूड आणि निबर आल्या, ते कशामुळे?

बियाणं खोटं असू शकतं, नाही असं नाही. पण ती शंका मी शेवटी घेतो. एकाच पाकिटातलं बी एका हंगामात चांगलं आणि दुसऱ्यात वाईट निघालं, तर फरक पाकिटात नसून तारखेत असणार, एवढं तर सरळ आहे. तारखेचा हिशेब नीट लागला की वाणाकडून किती अपेक्षा ठेवायची तेही कळतं.

आधी एक खात्री करून घ्या की तो केवडाच होता. भेंडीचं पान पाच-सहा कारणांनी पिवळं पडतं आणि लांबून सगळं सारखंच दिसतं. शेंड्याकडचं कोवळं पान तोडून उजेडासमोर धरा. केवड्यात, ज्याला बरेच जण हळद्या म्हणतात, शिरा पिवळ्या होतात आणि शिरांमधला भाग सुरुवातीला हिरवा राहतो. पिवळ्या दोऱ्याने हिरव्या कापडावर जाळी विणावी तसं पान दिसतं. अन्नद्रव्याची कमतरता असेल तर चित्र बरोबर उलटं असतं: शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. लोह कमी पडलं तर हे शेंड्याकडून दिसतं, मॅग्नेशियम कमी पडलं तर खालच्या जुन्या पानांपासून. तुडतुड्यांनी रस शोषला असेल तर पिवळेपणा कडेने सुरू होतो, कडा वर वळतात, मग तांबूस होऊन करपतात. आणि पान जाड, चामड्यासारखं होऊन मुरडलं असेल, देठ पिळल्यासारखा दिसत असेल आणि पान उलटं केल्यावर शिरांवर बारीक उंचवटे बोटाला लागत असतील, तर तो पर्णगुच्छाचा वेगळा विषाणू आहे. तोही पांढरी माशीच (पानाखाली बसून रस शोषणारी बारीक कीड) पसरवते, पण केवड्याला दाद न देणारा वाण याच्यापुढे टिकेलच असं नाही. ‘प्रतिकारक वाण लावूनही रोग आला’ अशा तक्रारींमध्ये काही वेळा रोगच हा दुसरा निघतो.

केवडाच होता असं धरून पुढे जाऊ. हा रोग नवा नाही; जुन्या मुंबई इलाख्यात १९२४ साली त्याची नोंद झालेली आहे. त्याचा विषाणू झाडातून झाडात जातो तो पांढऱ्या माशीच्या सोंडेतून. बियाण्यातून तो येत नाही. आजारी झाडाचा रस निरोगी झाडाला चोळला तरी लागत नाही, म्हणजे तोडणी करणाऱ्यांच्या हाताने किंवा कात्रीने तो पसरेल ही भीती नको. माशीच्या पोटात मात्र तो एकदा गेला की ती माशी जगेल तोवर जिथे बसेल तिथे देत फिरते. म्हणून शेतात रोग किती येणार हे दोन गोष्टींवर ठरतं: आसपास माश्या किती आणि त्या माश्यांना विषाणू उचलायला आजारी झाडं किती. दुसरी गोष्ट लोक विसरतात. माश्या भरपूर आहेत पण परिसरात केवड्याचं एकही झाड नाही, तर पानं चिकट होतील, थोडी काजळी येईल, केवडा येणार नाही. उलट बांधापलीकडे जुनी, सोडून दिलेली पिवळीजर्द भेंडी उभी असेल तर थोड्या माश्याही पुरतात.

आता झाडाचं वय. माझ्या मते सगळ्या विषयाचा कणा हा आहे. लागण कोणत्या वयात झाली यावर नुकसान किती हे ठरतं, आणि हे नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. १९७४ साली शास्त्री आणि सिंग या संशोधकांनी मांडलेले आकडे भेंडीवर काम करणारे सगळे अजून वापरतात: अगदी कोवळ्या वयात लागण झाली तर उत्पादनातली घट ९४ टक्क्यांपर्यंत, उगवणीनंतर ५० दिवसांनी झाली तर ८४, आणि ६५ दिवसांनी झाली तर ४९ टक्के. झाडाच्या बाजूने बघा म्हणजे हे पटेल. भेंडीला ४० दिवसांच्या आसपास फूल येतं आणि त्यानंतर प्रत्येक पेरावर एक फूल, एक भेंडी, असं झाड वर चढत जातं. विषाणू शिरला की त्यानंतरची पेरं आखूड होतात, पानं लहान होतात, भेंडी पिवळट आणि कडक येते. आधी निघून गेलेले तोडे तो परत घेऊ शकत नाही. म्हणजे लागण जेवढी पुढे ढकलाल तेवढे तोडे तुमचे.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दीड-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तुमचं झाड चाळिसाव्या दिवशी पिवळं दिसलं, याचा अर्थ माशी त्याला विसाव्या-पंचविसाव्या दिवशीच चावून गेली होती. त्या वेळी झाड वीतभर, चार-पाच पानांचं. आणि त्या दिवसांत तुम्ही बहुधा खुरपणीत होता. पान उलटून बघायची आठवण शेतात पिवळं दिसल्यावर झाली. हे दूषण म्हणून सांगत नाही, सगळ्यांचं असंच होतं.

मग फेब्रुवारी आणि जुलै यांत नेमका काय फरक पडला? थंडीत माशीची वाढ मंदावते. २५ ते ३० अंशांत तिची अंड्यापासून माशीपर्यंतची पिढी अडीच-तीन आठवड्यांत उरकते, थंडीत तेवढंच व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बी पडतं तेव्हा माशीची संख्या तळाला असते. मार्चच्या उन्हात ती वाढू लागते आणि एप्रिलमध्ये उचल खाते, पण तोवर तुमची भेंडी ५०-६० दिवसांची होऊन अर्धे तोडे देऊन बसलेली असते. रोग येतो, पण उशिरा. जुलैच्या शेवटी सगळं उलट. जूनमध्ये लावलेली भेंडी आसपास उभी असते आणि तिच्यात केवडा घुसलेला असतो. कापूस असेल तर त्यावर माश्यांची वस्ती. बांधावर रानभेंडी आणि ओसाडीसारखी तणं. हवा दमट, ऊबदार. आणि पावसाची झड थांबून उघडीप मिळाली की माशी झपाट्याने वाढते. अशा वेळी दोन-तीन पानांचं रोप म्हणजे तिच्यासाठी ताजं कोवळं ताट.

जोरदार पाऊस माशीला धुऊन काढतो हे खरं आहे, आणि त्यामुळेच पावसाळी भेंडीतसुद्धा तारीख-तारखेत फरक पडतो. मी एका वर्षी एकाच पाकिटाचे दोन भाग करून लावले होते. पहिला भाग जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर, वाफसा (जमीन ओली पण चिखल नाही अशी स्थिती) येताच टोकला. दुसऱ्या भागासाठी जमीन तयार नव्हती म्हणून तो सव्वीस दिवस मागे पडला. मधे एक मेराचा बांध, बाकी जमीन तीच, खत तेच. ऑगस्टच्या मध्याला बांधावर उभं राहिलं की डाव्या हाताला कमरेएवढी हिरवी भेंडी, खालचे तोडे काढून झालेली, शेंड्याला कुठे कुठे पिवळी शीर. उजव्या हाताला गुडघ्याएवढी झाडं आणि त्यांतली बरीचशी मुळापासून शेंड्यापर्यंत पिवळी. रोगाची झाडं दोन्हीकडे होती. डावीकडे ती म्हातारी होती, उजवीकडे तान्ही. शिवाय उजव्या तुकड्याला माशी पुरवली ती डाव्यानेच. म्हणून आता मी एका शिवारात भेंडीची पुढे-मागे लागवड करायचीच झाली तर नवी लागवड वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला आणि शक्य तितकी लांब करतो. माशी दुबळी उडते, वारा नेईल तिकडे जाते.

उन्हाळ्यातही ‘लवकर’ला मर्यादा आहे. केवड्याला चुकवायचं म्हणून डिसेंबरच्या शेवटी किंवा जानेवारीच्या कडाक्यात बी टोकणारे आहेत. भेंडीच्या बियाण्याला १६-१७ अंशांखाली जमीन गेली की उगवायची इच्छाच राहत नाही. ते थंड ओलीत फुगतं आणि कुजतं. जे उगवतं तेही वेगवेगळ्या दिवशी, एक रोप दोन पानांवर तर शेजारचं अजून जमिनीत. अशा विस्कळीत तुकड्यात तोडणीचं वेळापत्रक बसत नाही आणि मग निम्म्या भेंड्या कोवळ्या, निम्म्या निबर. रात्रीची थंडी मोडल्याची खात्री झाली की टोका. थर्मामीटर असेल तर सकाळी जमिनीत दोन बोटं खोल खुपसून बघा, नसेल तर पहाटे स्वेटर सुटला का ते बघा, चालतं. बी रात्रभर पाण्यात भिजवलं तर कडक सालीचा अडथळा कमी होतो, पण थंड जमिनीवर तो उपाय नाही. दुसऱ्या टोकाला एप्रिल-मे. माश्या वाढलेल्या, लाल कोळी जोरात, आणि पारा ४२ अंशांवर गेला की फुलं गळतात. या लागवडीत रोग, कीड आणि ऊन तिन्ही एकदम अंगावर येतात. मी करत नाही.

आता वाणाकडे येऊ. भेंडीच्या वाणांचा इतिहास माहीत असला तर पाकिटावरच्या शब्दांचं वजन बरोबर करता येतं. ‘पुसा सावनी’ हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा वाण. साठच्या दशकात तो केवड्याला न जुमानणारा म्हणून देशभर पसरला आणि गुळगुळीत, गडद हिरव्या, पाच धारांच्या भेंडीचा नमुना लोकांच्या डोळ्यांत त्यानेच बसवला. पुढे त्याची ताकद संपली. आज नवा वाण तपासताना मुद्दाम शेजारी पुसा सावनीच्या ओळी लावतात, कारण तो हमखास पिवळा पडतो आणि रोगाचा पुरेसा दाब तयार करतो. एकेकाळचा पहिलवान आता सराव घेणाऱ्यांनी धोबीपछाड मारायला ठेवलेला.

त्यानंतरची वाट रानटी नातलगांकडे गेली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा रानटी भेंडीशी संकर करून, पुन्हा पुन्हा भेंडीकडे वळवत, ऐंशीच्या दशकात ‘परभणी क्रांती’ दिली. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने दुसऱ्या एका रानटी भेंडीतून ‘अर्का अनामिका’ काढली. दोन्हींनी खूप वर्षं शेतकऱ्याला हात दिला, आणि दोन्हींवर पुढे बऱ्याच भागांत केवडा दिसू लागला. विषाणू एका साच्याचा राहत नाही. एकाच शेतात दोन प्रकारचे विषाणू एकाच झाडात शिरतात, त्यांची सरमिसळ होते, नवा प्रकार तयार होतो. एकाच वाणाखाली मोठं क्षेत्र असलं की जो प्रकार त्या वाणाला भेदू शकतो तोच मागे उरतो आणि वाढतो. त्यामुळे ‘प्रतिकारक’ हा शब्द वाचताना मनात दोन प्रश्न घाला: कोणत्या भागात, आणि कोणत्या वर्षापर्यंत?

शिवाय प्रतिकार आणि सहनशीलता यांतला फरक पाकिटावर छापत नाहीत. प्रतिकारक झाडात विषाणू वाढत नाही किंवा फार हळू वाढतो. सहनशील झाडात तो वाढतो, फक्त झाड कमी दाखवतं आणि भेंडी देत राहतं. त्या शेतकऱ्यापुरतं दोन्ही ठीक. पण सहनशील वाणाचं हिरवंगार दिसणारं शेत माश्यांना विषाणू वाटत बसलेलं असू शकतं, आणि त्याच्या शेजारी तुमचा नाजूक वाण असेल तर त्याचं काही खरं नाही.

तुमच्या वाणाने फेब्रुवारीत रोग दाखवला नाही याचा अर्थ तो प्रतिकारक होता असा निघत नाही. त्याची परीक्षाच झाली नव्हती. जुलैत झाली. मी वाण निवडताना त्याचं उन्हाळ्यातलं रूप बघून कधीच ठरवत नाही. ज्यांच्या शिवारात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तो उभा होता त्यांच्याकडे जाऊन बघतो, आणि बघताना मधल्या ओळीत शिरतो, कडेची झाडं पाहून परत येत नाही.

मग चांगला प्रतिकारक वाण घेतला तर तारखेचं बंधन सुटतं का? थोडं सैल होतं. समजा नाजूक वाणाला सुरक्षित पेरणीची दोन आठवड्यांची खिडकी आहे, तर प्रतिकारक वाणाला ती चार-पाच आठवड्यांची मिळते. ऑगस्टमध्ये ती दोघांनाही बंदच. मी असं करतो: हंगामाच्या सुरक्षित तारखेला वाण निवडताना भेंडीचा दर्जा आधी बघतो, आणि उशीर होणार हे दिसलं की दर्जा थोडा बाजूला ठेवून कणखर वाणाकडे जातो. आकर्षक भेंडीचा नाजूक वाण उशिरा लावणं ही सगळ्यांत महागडी चूक. तीच सगळ्यांत जास्त होते.

घरचं बी धरत असाल तर आणखी एक. भेंडी स्वतःच्या परागावर फळत असली तरी मधमाश्या आणि भुंग्यांमुळे शेजारच्या वाणाचा पराग बऱ्यापैकी येतो. दोन-तीन पिढ्यांत वाण भेसळतो आणि प्रतिकार पातळ होत जातो. संकरित वाणाचं बी तर धरूच नका, पुढच्या पिढीत झाडागणिक वेगळा नमुना निघेल. सरळ वाण असेल तर निरोगी झाडांवरच कळी अवस्थेत कागदी पिशव्या चढवा आणि तेवढ्याच शेंगा बियाण्याला ठेवा.

केवड्याच्या नादात बाकीचे रोग विसरायला नकोत, पण त्यांचा हिशेब सोपा आहे. पावसाळी लागवडीत निचरा नसला की रोपं बुडख्याशी कुजून कोलमडतात. तिथे वाण काही करत नाही, सरी-वरंबा करतो. दाट पावसाळी पिकात पानांच्या खालच्या बाजूला काजळीसारखे काळे ठिपके पडतात आणि जुनी पानं गळतात. हवा खेळती राहील असं अंतर दिलं की ते बरंच आटोक्यात राहतं, म्हणून खरिपात ओळीत ३० सेंटिमीटर आणि उन्हाळ्यात १५, असा फरक करायची पद्धत आहे. भुरी, म्हणजे पानावरची पांढरी बुरशी, येते ती थंड रात्री आणि कोरडे दिवस सुरू झाल्यावर, म्हणजे तुमच्या ऑक्टोबरच्या लागवडीला. झाड कारण नसताना खुजं आणि फिकट राहत असेल तर एक उपटून मुळं धुऊन बघा. गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारे डोळ्याला न दिसणारे कृमी, आहेत. ते तारखेने चुकत नाहीत. तिथे भेंडीवर भेंडी, किंवा वांगी-टोमॅटोवर भेंडी थांबवून ज्वारी-बाजरी किंवा झेंडू घ्यावा लागतो.

दर्जाकडे येतो, म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. भेंडीचं फूल एकच दिवस उमलतं. त्यानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडायला येते आणि सातव्या-आठव्या दिवसापासून तिच्यात तंतू धरायला लागतात. कोवळेपणा म्हणजे या घड्याळात तुम्ही कुठे तोडलं ते. हंगाम बदलला की घड्याळाची गती बदलते, आणि घोळ तिथेच होतो, कारण माणूस तोडतो ते लांबी बघून. एप्रिलच्या उन्हात, पाणी वेळेवर असेल तर, चौथ्या-पाचव्या दिवशीच भेंडी हातभर झाल्यासारखी वाटते; लांबी बघून तोडली तरी ती कोवळी असते, फक्त एक दिवस चुकला की गेली. नोव्हेंबरच्या थंडीत लांबी रेंगाळते. तुम्ही ती नेहमीच्या मापाला येईपर्यंत थांबलात, तोवर तिचं वय आठ-नऊ दिवसांचं झालं. आखूड आणि तरी निबर, हे कोडं एवढंच आहे. थंडीत लांबीचा हट्ट सोडा. टोक वाकवून बघा: ‘टक्’ आवाज करून तुटलं तर कोवळी, न तुटता लवलं किंवा दोरा ओढत तुटलं तर उशीर झाला. शंका असेल तर एका झाडाच्या चार फुलांना उमलल्या दिवशी रंगीत दोरा बांधा आणि पाचव्यापासून रोज एक तोडून बघा. चार दिवसांत तुमच्या हंगामाचं घड्याळ हाती येतं.

वाणाचा हात इथे मोठा आहे. काही वाण दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत लुसलुशीत राहतात, काहींना आठव्या सेंटिमीटरलाच धार कडक होते. लांब भेंडीचा वाण घेणाऱ्याने हे आधी तपासावं, कारण लांबी बियाण्याच्या चित्रात दिसते, कोवळेपणा दिसत नाही. लव हाही असाच दुतोंडी गुण. ज्या वाणाच्या पानांवर दाट लव असते त्यावर तुडतुडे कमी टिकतात, पण भेंडीवरही खरखरीत लव आली तर तोडणाऱ्याच्या हाताला खाज आणि घेणाऱ्याचं नाक मुरडलेलं. पैदासकार या दोन्हीच्या मधली वाट शोधत असतात.

रंगाचं म्हणाल तर फिकट भेंडीमागे नेहमी रोग नसतो. पावसाळ्यात ढगाळ दिवस आणि वाढलेला पाला मिळून सावलीत लटकलेली भेंडी फिकी येते. नत्र जास्त झालं तर झाड उंचच उंच जातं, पानं मऊ होतात, रसशोषक किडींना आमंत्रण मिळतं, आणि भेंडी तोडल्यावर लवकर मलूल पडते. केवड्याची भेंडी वेगळी ओळखू येते: देठापासून पिवळट-पांढरी, लहान, धारा खडबडीत, कोवळ्या वयातही दाताला कडक. वाकडी भेंडी मात्र बहुतेकदा अळीची किंवा रसशोषक किडीची देणगी असते. वाकलेल्या जागेच्या आतल्या बाजूला बारीक छिद्र सापडतं का बघा.

ओली भेंडी तोडू नका. पावसाळ्यात घाईने ओल्या तोडलेल्या भेंड्या क्रेटमध्ये संध्याकाळपर्यंत काळ्या पडतात, आणि दोष वाणावर जातो. दव उतरल्यावर तोडा, देठ ठेवून तोडा, आणि गोणीत कोंबू नका. तिच्या धारेवर नखाची रेघ उमटली तरी काही तासांत तिथे काळी रेघ येते. थंड ठेवायची तर ७ ते १० अंशांत. त्याखाली गेली तर थंडीने खड्डे पडतात आणि रंग जातो.

तुमच्या पुढच्या हंगामासाठी मी हे करेन. उन्हाळी लागवड थंडी मोडताच, फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आटपेन. खरिपाची पहिल्या वाफशाला, जूनमध्येच. जुलैची दहा तारीख उलटली तर त्या जमिनीत दुसरं पीक घेईन. लागवडीच्या पंधरा दिवस आधी शेताच्या चारी बाजूंनी मक्याच्या किंवा ज्वारीच्या दोन ओळी दाट टाकेन, म्हणजे भेंडी उगवेपर्यंत ती भिंत गुडघ्याएवढी होते. उन्हाळी भेंडीचे शेवटचे तोडे संपले की झाडं उभी सोडणार नाही, नवीन लागवडीच्या आधी उपटून नष्ट करेन. उगवल्यापासून तीस दिवस दर चौथ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, वीस-पंचवीस झाडांची वरची पानं हळूच उलटून बघेन. उन्हात माशी उडून जाते आणि आपण ‘काहीच नाही’ म्हणत घरी येतो. पहिलं पिवळ्या शिरेचं रोप दिसलं की ते उपटून पिशवीत घालून बाहेर. बांधावर टाकलं तर त्यावरच्या माश्या परत आत. हे पहिल्या महिन्यातच उपयोगाचं. पन्नासाव्या दिवशी झाडं उपटत बसू नका, ती अजून भेंडी देतात.

फवारणीवर फार भिस्त ठेवू नका. बीजप्रक्रिया केलेलं, म्हणजे कीटकनाशक चोळलेलं, बी पहिले तीन-एक आठवडे बऱ्यापैकी संरक्षण देतं, त्यानंतर ५ टक्के निंबोळी अर्क आणि चिकट पिवळे सापळे. रासायनिक औषध लागलंच तर लेबलवर भेंडीचं नाव आणि काढणीपूर्व थांबायचे दिवस वाचून, आणि तेच ते औषध लागोपाठ नको. दिवसाआड तोडणी असलेल्या पिकात थांबायचे दिवस पाळणं किती कठीण आहे हे मला माहीत आहे. त्यासाठीच सगळा जोर तोडा सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांवर ठेवायचा.

आणि जमलं तर एक छोटी चाचणी करा. तीन वाणांच्या प्रत्येकी दोन ओळी, बारा-बारा दिवसांच्या अंतराने तीन तारखांना लावा. प्रत्येकातल्या १०० झाडांत दर आठवड्याला पिवळी किती ते वहीत लिहा. हंगामाच्या शेवटी एकदाच मोजलं तर सगळे वाण सारखेच वाईट दिसतात. कोण कितव्या आठवड्यात पडला ते आठवड्याच्या नोंदीतच कळतं. तोडलेल्या भेंडीचं वजनही वेगवेगळं लिहा, कारण थोडा पिवळा पडूनही जास्त वजन देणारा वाण तुमच्या कामाचा असू शकतो.

त्या पाकिटात अजून बी शिल्लक असेल तर टाकू नका. पन्नास बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवा, पाच-सहा दिवसांनी मोजा. पस्तीस-चाळीस उगवल्या तर फेब्रुवारीसाठी ठेवून द्या, थोडं दाट टोकावं लागेल एवढंच. बियाण्यावर गुलाबी पूड असेल तर ते औषध आहे, हातमोजे घाला आणि ते फडकं परत स्वयंपाकघरात जाणार नाही याची काळजी घ्या.